पार्श्वभूमी : जखमींमधला सेप्सिस आधी ओळखण्याची धडपड

मोठ्या अपघातानंतरचे मृत्यू तीन टप्प्यांत होतात, अशी मांडणी 1983 साली एका अमेरिकी शल्यचिकित्सकाने केली. काही जण जागीच जातात, काही पहिल्या काही तासांत रक्तस्रावाने, आणि काही दिवस-आठवड्यांनी, जंतुसंसर्गाने एकेक अवयव निकामी होत. संसर्गाने होणारा हा बिघाड म्हणजे सेप्सिस. पहिल्या दोन टप्प्यांवर रुग्णवाहिका, रक्तपेढ्या आणि तातडीच्या शस्त्रक्रियांनी पुष्कळ काम झालं. तिसरा टप्पा आयसीयूत डॉक्टर-नर्सच्या डोळ्यांदेखत घडतो, तरीही उशिरा कळतो.

उशीर का होतो ते एखाद्या चार्टवर नजर टाकली की समजतं. मांडीचं हाड मोडलेला, प्लीहा फाटल्यामुळे पोट उघडावं लागलेला तरुण. व्हेंटिलेटरवर तिसरा दिवस. ताप 38.6 अंश सेल्सिअस, नाडी 118, पांढऱ्या पेशी 16 हजार. 1991 साली तज्ज्ञांच्या परिषदेने तापमान, नाडी, श्वास आणि पांढऱ्या पेशी असे चार निकष ठरवले होते. त्यातले दोन भरले आणि जोडीला संसर्ग असला, की सेप्सिस. या तरुणाचे तीन भरतात. पण जबर मार बसलेल्या बहुतेकांचे ते पहिल्या काही दिवसांत भरतातच, संसर्ग असो वा नसो. 2010 मध्ये याचं एक कारण उलगडलं. चिरडलेल्या पेशींतून मायटोकाँड्रियाचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांचे, तुकडे रक्तात उतरतात. मायटोकाँड्रियाचे पूर्वज जीवाणूच, त्यामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा त्या तुकड्यांवर जंतूंसारखीच तुटून पडते.

रक्तातल्या खुणांचीही हीच अडचण. सीआरपी हे दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन 1930 पासून माहीत आहे, पण साध्या शस्त्रक्रियेनंतरही ते चढतं. 1993 मध्ये प्रोकॅल्सिटोनिन या रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनाने मोठी आशा लावली. दुखापतीनंतर तेही वाढतं, मात्र एरवी काही दिवसांत उतरायला लागतं. उतरलेलं पुन्हा चढलं, तर शंका घ्यायला जागा असते. म्हणजे एका दिवसाच्या रिपोर्टपेक्षा रोजची चढउतार बोलते. 2011 मध्ये दिसलं की गंभीर दुखापतीत पांढऱ्या पेशींमधल्या 80 टक्क्यांहून अधिक जनुकांचं काम बदलतं. इतका पसारा एका खुणेत मावणार नाही हे स्पष्ट झालं आणि अनेक खुणा एकत्र वाचण्यासाठी एआयकडे पाहिलं जाऊ लागलं.

मात्र एआय मॉडेलला, म्हणजे नोंदींवरून भाकीत करणाऱ्या संगणक प्रणालीला, शिकवायचं तर कोणत्या रुग्णाला, कोणत्या तासाला सेप्सिस झाला हे आधी कुणीतरी ठरवून द्यावं लागतं. खरा वाद इथे आहे, आणि त्याकडे पुरेसं लक्ष जात नाही. 2016 च्या नव्या व्याख्येने जुने चार निकष बाजूला सारले. संसर्गामुळे सहा अवयवसंस्थांच्या एकत्रित गुणांकात (बिघाड जितका जास्त, तितके गुण जास्त) किमान दोनची वाढ झाली, तर सेप्सिस. आधीचा आजार माहीत नसेल तर सुरुवातीचा गुणांक शून्य धरायचा. न्यूमोनिया घेऊन घरून आलेल्या रुग्णाला हे चालतं. डोक्याला मार लागून बेशुद्ध असलेल्याचं काय? रक्तस्रावाने प्लेटलेट घसरलेल्या, बरगड्या मोडून ऑक्सिजन कमी पडलेल्या माणसाचं काय? त्यांचे गुण कॅज्युअल्टीतच दोनच्या पुढे गेलेले असतात.

दुसरी अडचण संसर्गाच्या संशयाची. जुन्या नोंदी चाळताना संगणकासाठी हा संशय असा मोजला गेला : आधी कल्चर (रक्त वगैरेत जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) पाठवलं असेल तर पुढच्या 72 तासांत अँटिबायोटिक, किंवा आधी अँटिबायोटिक दिलं असेल तर 24 तासांत कल्चर. उघड्या फ्रॅक्चरला अँटिबायोटिक आल्या आल्या, संसर्ग टाळण्यासाठीच दिलं जातं. त्यात ताप आला म्हणून कल्चर गेलं की नियम पुरा, रुग्ण सेप्सिसच्या यादीत. म्हणून काही संशोधक पहिले काही दिवस वगळतात, तर काही सलग चार दिवस अँटिबायोटिक चालल्याशिवाय संसर्ग मानत नाहीत. रुग्ण तेच असले तरी यादी बदलते, आणि तिच्याबरोबर मॉडेलची अचूकताही. अशा यादीवर शिकलेलं मॉडेल बऱ्याच अंशी डॉक्टरांच्या संशयाचंच भाकीत करत असतं. "सहा तास आधी ओळखलं" हा दावा ऐकताना ते सहा तास कुठून मोजले, हे आधी विचारायला हवं.

2019 मध्ये 60 हजारांहून अधिक आयसीयू रुग्णांच्या नोंदींवरून सेप्सिस आधी ओळखण्याची जागतिक स्पर्धा झाली. 2021 मध्ये अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत आधीच बसवलेल्या एका मॉडेलची स्वतंत्र तपासणी झाली, तेव्हा त्याने सेप्सिसचे 67 टक्के रुग्ण हेरलेच नव्हते आणि दाखल झालेल्यांपैकी 18 टक्क्यांवर इशारा वाजवला होता. 2022 मध्ये दुसऱ्या एका यंत्रणेचं चित्र बरं निघालं. इशाऱ्याची दखल तीन तासांत घेतली गेली तिथे मृत्युदर 3.3 टक्क्यांच्या फरकाने कमी दिसला. 2024 च्या एप्रिलमध्ये अमेरिकी नियामकाने प्रोकॅल्सिटोनिन आणि सीआरपीसह 22 घटक जोडणाऱ्या एआय साधनाला परवानगी दिली. यातलं काहीही खास जखमींसाठी घडवलेलं नाही.

भारतात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. मुंबई, दिल्ली आणि कोलकात्यातल्या चार सरकारी रुग्णालयांत 2013 ते 2015 दरम्यान 16 हजार जखमींच्या नोंदी जमवल्या गेल्या, हे काम मोलाचं आहे. तरी अनेक वॉर्डांत नाडी-तापाचा चार्ट अजून कागदावर आहे, प्रोकॅल्सिटोनिन रोज पाठवणं परवडत नाही. शिवाय आपल्या आयसीयूंत कार्बापेनेमसारख्या राखीव, प्रभावी अँटिबायोटिकलाही दाद न देणारे क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर हे जीवाणू मुक्कामाला आहेत. तिथे खोट्या इशाऱ्यावर सुरू केलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकची किंमत शेजारच्या खाटेवरचा रुग्णही मोजतो, आणि परदेशी मॉडेलच्या हिशोबात ती धरलेली नसते.