झिरो माइल म्हणजे भारताचा मध्य? नाही हो!

नागपुरात पाहुणा आला की झिरो माइलचे चार घोडे दाखवायचे आणि ऐटीत सांगायचं, 'हा देशाचा बरोब्बर मध्य, इंग्रज सगळी अंतरं इथूनच मोजायचे.' व्हॉट्सॲपवरही हेच फिरत असतं. ते खरं नाही.

तिथला १९०७ सालचा जीटीएस (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, म्हणजे इंग्रजांचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण) दगड उंचीची खूण आहे. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर. फुटाचा हजारावा भागसुद्धा सोडलेला नाही! आसपासच्या उंच्या अशा खुणांवरून मोजतात. खांबावर गावांची अंतरं कोरलीत म्हणून घोळ झाला असावा. पण अंतरं तर कुठल्याही मैलाच्या दगडावर असतात. हे सर्वेक्षण सुरू झालं १८०२ मध्ये मद्रासहून, आणि अक्षांश-रेखांशांच्या गणिताचा आरंभबिंदू ठरला मध्य प्रदेशातलं कल्याणपूर. नागपूर नव्हेच. (सर्वेक्षणाचे जनक लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले, विदर्भाचा तेवढा हक्क आहे.)

आज मोजणीचं काम एका दगडावर नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची हजारावर कॉर्स केंद्रं उपग्रहांचे संकेत सतत टिपतात; त्यांच्या आधारे जागा काही सेंटिमीटरपर्यंत नेमकी ठरते. जनगणनेलाही नकाशावरच्या सीमा नेमक्या लागतात, कारण रस्त्याच्या अलीकडचं घर एका प्रगणकाकडे आणि पलीकडचं दुसऱ्याकडे असेल, तर नकाशावरची रेघ सरकली की घर दोनदा मोजलं जातं, नाहीतर सुटतं. म्हणूनच २०२७ च्या जनगणनेसाठी गाव-शहरांच्या सीमा ३१ डिसेंबर २०२५ नंतर गोठवल्या.