जुने लाकडी स्पीकर घेताना पॉलिशआधी कडा बघा

जुन्या बाजारात लाकडी स्पीकरची जोडी दिसली की नजर आधी पॉलिशवर जाते. पण चाळीस-पन्नास वर्षांत पेटीचं लाकूड सहसा बिघडत नाही. बिघडते ती वूफरच्या (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कोनाभोवतीची, म्हणजे हलणाऱ्या शंकूसारख्या पडद्याभोवतीची, बोटभर रुंदीची कडा, म्हणजे सराउंड. जोडी कितीला घ्यायची हे बहुतेक वेळा तिच्यावरच ठरतं. म्हणून पहिलं काम म्हणजे पुढची जाळी काढायची आणि बॅटरीच्या उजेडात ही कडा बघायची.

कडा तीन प्रकारची असते. खळ किंवा चिकट लेप दिलेली कापडी कडा, रबरी कडा आणि फोमची कडा. कापडी आणि रबरी कडा पन्नास वर्षंही सहज टिकतात. फोम मात्र पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला दमटपणा त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहतो आणि दहा ते वीस वर्षांत तो चिकट होऊन भुगा व्हायला लागतो. मुंबई-कोकणच्या हवेत हे आणखी लवकर होतं. बोटाचं टोक हलकेच टेकवा. बोटाला काळपट चिकटा लागला किंवा कण सुटले, तर कडा गेली. मात्र तेवढ्यासाठी जोडी सोडू नये. नवी कडा बसवता येते, तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. कडेवर रबर सोल्युशन किंवा टेप फासून जुळवाजुळव केलेली दिसली, तर ती जोडी सोडून द्यावी. असा कोन एका बाजूने जड आणि ताठ होतो, त्यामुळे त्याला मागे जोडलेली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, तिरपी होऊन घासते.

या कडेला एवढं महत्त्व का, हे पेटीच्या विज्ञानातून कळतं. १९५४ साली अमेरिकेत एडगर विलचूर आणि हेन्री क्लॉस यांनी अ‍ॅकॉस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि एआर-१ हा स्पीकर आणला. तोवर खोल बेस हवा तर कपाटाएवढी पेटी लागायची, आणि कोन जागेवर आणायचं काम ताठ कडा करायची. विलचूरने कडा मुद्दाम सैल ठेवली, पेटी हवाबंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. ही स्प्रिंग कापडा-कागदापेक्षा कितीतरी समप्रमाणात वागते, त्यामुळे जेमतेम दोन फुटी पेटीतून स्वच्छ बेस निघाला. पुढे केएलएच, अ‍ॅडव्हेंट या कंपन्यांनी आणि इतर अनेकांनी हाच मार्ग धरला. याची एक किंमत मोजावी लागते. केएलएचच्या नावातला ‘एच’ ज्यांचा, त्या हॉफमन यांनी ती नेमकी सांगितली होती: खोल बेस, लहान पेटी आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. म्हणून अशा स्पीकरला चॅनेलमागे ३० ते ५० वॉटचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर लागतो. संवेदनक्षमता, म्हणजे एका वॉटला मिळणारा आवाज, ३ डेसिबलने कमी असेल तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॉट लागतात. विलचूरच्या कंपनीच्या एआर-३ए सारखे ४ ओहमचे स्पीकर असतील, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ४ ओहम चालतील असं लिहिलेलं आहे ना, तेही बघावं.

पेटी हवाबंद आहे की नाही हे हातानेच तपासता येतं. दोन्ही हातांची बोटं कोनाच्या मध्यावरच्या टोपीभोवती समान अंतरावर टेकवा आणि कोन तीन-चार मिलिमीटर सरळ आत दाबून सोडा. चांगल्या बंद पेटीत तो सावकाश बाहेर येतो. झटकन आला तर कुठून तरी हवा गळते आहे: वूफरखालची गास्केट (फट बंद करणारी पट्टी), मागचे टर्मिनल किंवा उखडलेला सांधा. पेटीला पुढे किंवा मागे मुद्दाम ठेवलेलं गोल भोक असेल, तर ती पोर्टची पेटी. तिथे कोन झटकन परतणारच. दाबताना करकर ऐकू आली तर व्हॉइस कॉइल चुंबकाला घासते आहे. अशा वेळी किंमत निम्मी झाली तरी घेऊ नये.

मग मल्टिमीटर. तारा सोडवून प्रत्येक ड्रायव्हरचा, म्हणजे पेटीतल्या प्रत्येक सुट्या स्पीकरचा, रोध मोजा. ८ ओहमचा वूफर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीन. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे. डाव्या-उजव्या आकड्यांत फार फरक असेल, तर कोणीतरी एका बाजूचा ड्रायव्हर बदललेला असतो. दीड व्होल्टचा सेल वूफरच्या तारांना क्षणभर टेकवला आणि सेलची धन बाजू स्पीकरच्या लाल टर्मिनलला असली, तर कोन बहुधा बाहेर यायला हवा. डावा एकीकडे आणि उजवा दुसरीकडे हलत असेल, तर दोन्ही एकत्र लावल्यावर बेस गायब होईल. तारा उलटवल्या की हे नीट होतं. ट्विटरला, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या लहान स्पीकरला, मात्र सेल लावू नये, त्याची कॉइल नाजूक असते.

ट्विटर मंद वाटला तर तो लगेच मोडीत काढू नका. त्याच्या वाटेवर एक कॅपॅसिटर असतो, तो खालचे सूर अडवतो. जुन्या पेट्यांत हे काम बहुतेक वेळा नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर करतो. त्यातला द्रव वाळला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि वरचे सूर दबतात. जागी बसवायचा तो तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि ध्रुव नसलेला असावा. अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमधला ध्रुवी कॅपॅसिटर इथे चालत नाही. छताच्या पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. तो पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा, ध्रुव नसलेला असतो. असे दोन समांतर जोडले तर ५ होतात, म्हणजे ४.७ मायक्रोफॅरडच्या जागी ते नीट चालतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळ बाकीचा माल मिळतो. पेटीच्या मागच्या बाजूचं ट्विटरचा आवाज कमी-जास्त करणारं बटण फिरवताना खरखर झाली, तर त्यातल्या धातूवर गंज चढलेला असतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते वीस-पंचवीस वेळा फिरवलं की बहुतेकदा ट्विटर जागा होतो.

आता लाकूड. बहुतेक पेट्या अस्सल सागाच्या नसतात. प्लायवुड किंवा चिपबोर्डवर साग किंवा अक्रोडाचा मिलिमीटरहून पातळ विनियर (लाकडाचा पापुद्रा) चिकटवलेला असतो, आणि आवाजासाठी तेच बरं. अखंड फळी पावसाळ्यात आडवी फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि सांधे उघडतात. चिपबोर्डचा शत्रू मात्र साचलेलं पाणी. फरशी पुसताना खालच्या कडेला रोज ओल लागली की ती फुगून पोळीसारखे पदर सुटतात. खालची कड नखाने दाबून बघावी. मऊ लागली किंवा किडीच्या भोकातून पिठूळ भुगा पडला, तर ती पेटी घरात आणू नये. विनियरला सँडपेपर लावू नका. ओलसर कापडाने पुसून, तेलाचा फिनिश असेल तरच जवसाचं तेल पातळ हाताने लावावं. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ते आपोआप पेटू शकतं. बाहेर पसरून वाळवावं.

एवढं पाहून घेतल्यावर शेवटी जागेचा प्रश्न. आपले हॉल लहान असतात. १२ फूट लांबीच्या हॉलमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंती आपल्या मनाने वाढवतात, आणि भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर तो सर्वांत जास्त घुमतो. बंद पेटीचा बेस खाली हळू उतरतो, ऑक्टेव्हला (सप्तकाला) १२ डेसिबलने, तर पोर्टच्या पेटीचा २४ डेसिबलने. लहान खोली तळाचे सूर थोडे उचलून धरते, त्यामुळे बंद पेटीचा उतार तिथे बराचसा भरून निघतो. दहा-बारा फुटांच्या हॉलला बंद पेटी घ्यावी असं म्हणतो ते यामुळे. तिला भिंतीपासून फार लांब ओढू नका. पेटीचा पुढचा चेहरा भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर असेल, तर परतलेली लाट १४३ हर्ट्झजवळ मूळ लाटेला खाते आणि पुरुषाचा आवाज पोकळ वाटतो. पाठ भिंतीला जवळजवळ टेकवली आणि चेहरा ३० सेंटीमीटरवर आला, की तो खड्डा २८६ हर्ट्झला जातो आणि बराच उथळ होतो. कोपऱ्यात मात्र ठेवू नये. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, जमिनीपासून ९० ते १०० सेंटीमीटरवर असावा. दोन पेट्यांमध्ये दोन मीटर अंतर ठेवावं आणि समोरच्या टाइल्सवर एखादी जाड सतरंजी पसरावी.