पुंज प्रकाशकीतील प्रकाशहानी व तंतू घटक

एकेका फोटॉनावर किंवा संकोचित (स्क्वीझ्ड, म्हणजे एका राशीतील गोंगाट निर्वात पातळीखाली दाबलेल्या) प्रकाशावर चालणाऱ्या प्रयोगांत उगमापासून शोधकापर्यंतच्या वाटेत प्रकाश गळतो. ही गळती रोखण्यासाठी ऑप्टिकल फायबर, कपलर (प्रकाश विभागणारा वा एकत्र आणणारा), स्प्लाइस (फायबरचा कायमचा सांधा), कनेक्टर (सुटा करता येणारा सांधा) इ. घटकांचा जो वापर होतो, त्याचा येथे विचार केला आहे. दूरसंचारात क्षीण झालेला संकेत प्रवर्धकाने पुन्हा वाढवता येतो. येथे ती सोय नाही. अज्ञात पुंज अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही (वुटर्स व झुरेक, तसेच डीक्स, 1982), आणि प्रवर्धक स्वतःचा गोंगाट मिसळतो.

गळालेल्या प्रकाशाच्या जागी निर्वाताचा गोंगाट शिरतो. त्यामुळे 10 डेसिबल संकोचन असलेल्या (गोंगाट दहाव्या भागावर आलेल्या) प्रकाशाचा दहावा भाग गेला, तर संकोचन सुमारे 7.2 डेसिबल उरते. निम्मा गेला, तर अवघे 2.6. बेल-असमानतेच्या (पुंज सहसंबंध अभिजात स्थानिक सिद्धांतांनी समजावता येतात का, हे ठरवणाऱ्या निकषाच्या) पळवाटरहित चाचणीला एबरहार्ड यांच्या 1993 मधील गणितानुसार दोन तृतीयांशाहून अधिक एकूण कार्यक्षमता लागते. 2015 मध्ये व्हिएन्ना व बोल्डर येथील फोटॉन-प्रयोगांनी ती मर्यादा ओलांडली. दोन्हीकडे फोटॉन एकमार्गी (सिंगल-मोड) फायबरमध्ये भरलेले होते.

फायबर हा गळतीवरचा उपाय की गळतीचेच एक कारण, याविषयी एकमत नाही. संकोचित प्रकाश प्रथम दिसला तो बेल लॅबोरेटरीजमध्ये, सोडियम अणूंमध्ये (स्लशर व सहकारी, 1985). फायबरमध्ये तो शेल्बी, लेव्हन्सन व सहकाऱ्यांनी 1986 मध्ये मिळवला : द्रव हेलियमने थंड केलेल्या 114 मी. फायबरमध्ये गोंगाटात निर्वात पातळीखाली 12.5 टक्के घट. तेथे मुख्य अडथळा काचेच्या क्षीणनाचा नव्हता; फायबरमधील ध्वनितरंगांमुळे होणाऱ्या ब्रिल्वाँ प्रकीर्णनाचा होता. पुढे 2016 मध्ये हॅनोव्हर येथे 1,064 नॅनोमीटरला 15 डेसिबल संकोचन मोजले गेले, ते मुक्त अवकाशातील मांडणीत. त्याच वर्षी नीस येथील संपूर्णपणे तरंगमार्गी (वेव्हगाइड) व फायबर मांडणीत 1.83 डेसिबल मिळाले. एवढ्यावरून फायबरला कमी लेखणे मात्र योग्य वाटत नाही. बाजारात मिळणारे घटक जोडून, आरशांची जुळवणी न करता मांडणी उभी राहते, हे तिचे खरे मोल आहे.

प्रयोगशाळेत दोष सहसा काचेचा नसतो, सांध्यांचा असतो. 1,550 नॅनोमीटरला साध्या फायबरचे क्षीणन किलोमीटरला सुमारे 0.2 डेसिबल; दहा मीटरला ते 0.05 टक्क्यांच्याही आत. एका कनेक्टरची हानीही बहुधा 0.2 डेसिबल, म्हणजे साधारण साडेचार टक्के. एक कनेक्टर एक किलोमीटर फायबरच्या बरोबरीचा ठरतो. असे पाच लागले, तर 10 डेसिबलचे संकोचन 5.4 वर येते. म्हणून कनेक्टर टाळून वितळवून केलेले स्प्लाइस पसंत करतात. एकाच जातीच्या फायबरमधील चांगल्या स्प्लाइसची हानी 0.02 डेसिबलच्या आसपास असते. तिरक्या (8 अंश) घासलेल्या टोकामुळे परावर्तित प्रकाश गाभ्यात परतत नाही, पण टोकावरची हानी त्याने टळत नाही. काच व हवा यांच्या सीमेवर दर पृष्ठाला सुमारे 3.5 टक्के परावर्तन होतेच. त्यासाठी प्रतिपरावर्तक लेप लागतो.

मुक्त अवकाशातून फायबरमध्ये शिरताना शलाकेचा आकार फायबरच्या मार्गाकाराशी (फायबरमध्ये प्रकाश ज्या आकारात वाहतो त्याच्याशी; 1,550 नॅनोमीटरला व्यास सुमारे 10 मायक्रोमीटर) जुळावा लागतो. शेवटच्या टोकाला अतिसंवाहक नॅनोतार शोधक थेट फायबरशी जोडतात. अशा शोधकांची कार्यक्षमता 2013 मध्ये 93 आणि 2020 मध्ये 98 टक्क्यांपर्यंत नोंदली गेली. वाटेतील आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) व स्विच यांची हानी मात्र कनेक्टरपेक्षाही बरीच अधिक असते.

पोकळ गाभ्याच्या फायबरमध्ये 2025 मध्ये किलोमीटरला 0.091 डेसिबल क्षीणन जाहीर झाले. असे फायबर भरीव फायबरशी जोडताना मात्र काच-हवा सीमा पुन्हा आड येते.