सीताबर्डीची लढाई (१८१७)

नागपूरकर भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर झालेली लढाई. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील ही महत्त्वाची लढाई होय. तीत भोसल्यांचा पराभव झाला आणि महिनाभरात नागपूरचे स्वतंत्र राज्य संपल्यासारखे झाले. शाळेच्या पुस्तकांत इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाची गोष्ट बहुधा १८५७ पासून सांगतात. नागपूरच्या मुलांना मात्र ती चाळीस वर्षे आधीपासून सांगायला हवी, कारण ती त्यांच्या रोजच्या रस्त्यावर घडलेली आहे. ही नोंद कुमार वाचकांसाठी आहे. ती नागपूरचा नकाशा शेजारी ठेवून वाचावी.

रणभूमी. बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, मेन रोडवर खरेदीला गेलेल्या मुलाने मान वर केली की झाडीने झाकलेला उंचवटा दिसतो. तीच ही टेकडी. खरे तर टेकड्या दोन आहेत, एक मोठी व तिच्या उत्तरेला एक लहान, आणि दोहोंमध्ये अरुंद खिंडीसारखी जागा. तेव्हा नागपूर शहर म्हणजे महाल नावाची वस्ती आणि त्याभोवतीच्या पेठा. शहर टेकडीच्या पूर्वेला, मध्ये शुक्रवारी तलाव, आणि टेकडीच्या पश्चिम अंगाला इंग्रज रेसिडेंटचा, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीचा, बंगला (रेसिडेन्सी). टेकडीवर ज्याच्या तोफा, त्याच्या हातात हा बंगला. म्हणून लढाई इथेच व्हायची होती. लहान टेकडीच्या पायथ्याशी सीताबर्डी गावाची मातीची घरे होती. लढाईत या घरांना फार महत्त्व आले. टेकडीवर किल्ला मात्र नव्हता. आज दिसणारा सीताबर्डीचा किल्ला भोसल्यांचा आहे असे पुष्कळ नागपूरकर समजतात. लढाई जिंकल्यावर टेकड्या ताब्यात घेऊन इंग्रजांनी तो बांधला.

पार्श्वभूमी. पहिल्या रघूजी भोसल्यांनी उभे केलेले राज्य एके काळी बंगालच्या सीमेपर्यंत पोचले होते. १८०३ साली दुसऱ्या रघूजींनी शिंद्यांबरोबर इंग्रजांशी युद्ध केले. असई, अडगाव आणि गाविलगड येथे हार झाली. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक प्रांत कंपनीकडे गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख निजामाला मिळाला आणि नागपुरात इंग्रज रेसिडेंट येऊन बसला. तरीही दुसऱ्या रघूजींनी एक गोष्ट शेवटपर्यंत टाळली : इंग्रजांची तैनाती फौज त्यांनी राज्यात येऊ दिली नाही.

२२ मार्च १८१६ रोजी ते वारले. त्यांचे पुत्र परसोजी शरीराने व मनाने दुबळे होते. कारभार पुतणे मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब यांच्याकडे आला. घरात विरोधक होते, आणि आप्पासाहेबांना आधार हवा होता. तो त्यांनी इंग्रजांकडे मागितला. मे १८१६ मध्ये त्यांनी तैनाती फौजेच्या तहावर सही केली. राज्याच्या रक्षणाला कंपनीची पलटण राहणार आणि तिच्या खर्चापोटी वर्षाला साडेसात लाख रुपये राज्याने द्यायचे. शिवाय परक्या राज्यांशी बोलणी करायची तर ती रेसिडेंटला विचारून. आपल्या घराला दुसऱ्याचे कुलूप लावायचे, किल्ली त्याच्याकडे ठेवायची आणि कुलपाचे पैसे आपण मोजायचे, असा हा करार होता. काकांनी बारा वर्षे जे नाकारले ते पुतण्याने काही आठवड्यांत मान्य केले.

१ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी बिछान्यात मृत आढळले. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) होते. पुढे इंग्रजांनी त्यांच्यावर खुनाचा आरोप ठेवला. गादीवर आल्यावर आपण काय गमावले हे आप्पासाहेबांना कळू लागले आणि पुण्याशी त्यांचा गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला.

ठिणगी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या फौजेने खडकीला इंग्रजांवर हल्ला केला. बाजीरावाने आप्पासाहेबांना सेनापतिपदाची वस्त्रे पाठवली होती. ती त्यांनी २४ नोव्हेंबरला भर दरबारात स्वीकारली. ज्या पेशव्याशी इंग्रजांचे युद्ध चालू होते, त्याचेच पद उघडपणे घेतल्यावर आडपडदा उरला नाही. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने तेलंगखेडीच्या छावणीतली पलटण दुसऱ्या दिवशी टेकड्यांवर आणली. तिचा सेनानी लेफ्टनंट कर्नल स्कॉट होता.

इंग्रजांच्या कागदांप्रमाणे कंपनीकडे लढणारे तेराशे-चौदाशे लोक होते : मद्रासच्या दोन पलटणी, बंगालच्या ६व्या रिसाल्याच्या (घोडदळाच्या) तीन तुकड्या आणि थोड्या लहान तोफा. भोसल्यांकडे सुमारे अठरा हजार फौज व ३६ तोफा होत्या. या फौजेचा कणा होता तीन-चार हजार अरबांचा. हे अरब पगारी सैनिक होते, पण पायदळाच्या झुंजीत त्यांच्या तोडीचे लोक त्या फौजेत दुसरे नव्हते.

दोन दिवस. २६ नोव्हेंबरच्या सायंकाळी, बोलणी पुरती थांबलीही नसताना, गोळीबार सुरू झाला. अरबांनी पायथ्याच्या मातीच्या घरांचा आडोसा घेतला आणि लहान टेकडीवर रात्रभर मारा केला. तिथल्या तुकडीचा कॅप्टन सॅडलर ठार झाला. मोठ्या टेकडीवरून मदत येत होती आणि गळत होती. पहाटेपर्यंत कंपनीचे शिपाई थकून गेले होते.

२७ तारखेच्या सकाळी लहान टेकडीवर स्फोट झाला, गोंधळ उडाला, आणि ती संधी साधून अरब तलवारी उपसून वर चढले. टेकडी त्यांनी घेतली. तिथे मिळालेली तोफ त्यांनी लगेच मोठ्या टेकडीकडे वळवली. खाली भोसल्यांचे घोडदळ रेसिडेन्सीच्या मैदानाला वेढा घालत होते. ही लढाई वाचताना मुलांनी इथे थांबावे. दिवस उजाडून फार वेळ झालेला नव्हता आणि नागपूर जिंकत होते.

मग रिसाल्याचा कॅप्टन फिट्झजेराल्ड पुढे आला. हल्ला करू द्या, असे तो वरचेवर विचारत होता आणि स्कॉट नकार देत होता. अखेर, करायचा तर स्वतःच्या जबाबदारीवर कर, असा निरोप आला. त्याने तो परवानगीच समजून घोडे सोडले, समोरचे घोडदळ फोडले आणि दोन तोफा पकडल्या. टेकडीवरच्या शिपायांनी हे पाहिले. तेवढ्यात लहान टेकडीजवळ अरबांच्या दारूगोळ्याचा गाडा उडाला. शिपायांनी संगिनी रोखून चढाई केली आणि टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत लढाई संपली होती. कंपनीचे ३६७ लोक मेले वा जखमी झाले, म्हणजे दर चौघांतला एक. जेंकिन्सचा मदतनीस सॉथबी हाही मेला. भोसल्यांकडच्या मृतांची नावे तर कुठल्याच दगडावर कोरलेली नाहीत.

लढाईनंतरचा महिना. शहर अजून पडले नव्हते. पण आप्पासाहेबांनी, हल्ला माझ्या हुकमाने झाला नाही, असे रेसिडेंटला कळवले आणि बोलणी सुरू केली. २९ नोव्हेंबरपासून इंग्रजांच्या कुमकी येऊ लागल्या. १२ डिसेंबरला जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन आला. १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः रेसिडेन्सीत जाऊन स्वाधीन झाले. त्यांची फौज मात्र स्वाधीन झाली नाही. त्याच दिवशी सक्करदऱ्याच्या बाजूला भोसल्यांचे सरदार गणपतराव आणि मनभट यांच्या हाताखालच्या लोकांनी डव्हटनशी लढाई केली. तोफा गेल्या, छावणी गेली, तेव्हा अरब शहरात शिरले आणि महालात राजवाड्याभोवती ठाण मांडून बसले.

२४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला चढवला. अरबांनी तो परतवला. इंग्रजांचे मोठे नुकसान झाले. हाच दरवाजा आज गांधी गेट म्हणून ओळखला जातो आणि त्याखालून रोज हजारो नागपूरकर जातात. माझ्या मते १८१७ चे युद्ध मुलांना दाखवायला नागपुरात याहून चांगली जागा नाही, कारण सीताबर्डी हरल्यावर आणि राजा शरण गेल्यावरही नागपूर इथे लढत होते. डिसेंबरअखेर, कुटुंबकबिला आणि सामान घेऊन सुखरूप जाण्याची हमी मिळाल्यावरच अरबांनी शहर सोडले.

हार का झाली ? संख्या मोठी असून पराभव झाला, म्हणून फितुरी झाली असावी, असे झटपट उत्तर मुलांना दिले जाते. ते अपुरे आहे. ५ नोव्हेंबरला पेशवा खडकीला लढला. अगदी त्याच दिवशी ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. सीताबर्डी २७ नोव्हेंबरला संपली. होळकरांची फौज महिदपूरला लढली ती २१ डिसेंबरला. सात आठवड्यांत तीन मराठी फौजा तीन ठिकाणी एकट्या-एकट्या लढल्या आणि एकट्या-एकट्या हरल्या. नागपुरात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. राजाचे मन ठरलेले नव्हते. सेनापतिपद घ्यायचे आणि रेसिडेंटशी बोलणीही चालू ठेवायची, लढाई सुरू होऊ द्यायची पण हुकूम आपला म्हणायचा नाही, अशा अवस्थेत सारी फौज एका वेळी पुढे सरकलीच नाही. झुंजले ते मुख्यतः अरब.

टेकडीवर समोरासमोर कोण होते हेही मुलांना सांगावे. अधिकारी इंग्रज होते, पण कंपनीचे बहुतेक शिपाई मद्रास आणि बंगालकडचे भारतीय होते. नागपूरच्या बाजूने अरबस्तानातून आलेले लोक होते. ‘आपले’ आणि ‘परके’ ही विभागणी चेहऱ्यांवरून करता येत नाही, तर राज्य कोणासाठी चालणार यावरून करावी लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे समजते. आपणच ते त्याच्यापासून लपवतो.

आप्पासाहेब पुढे. ६ जानेवारी १८१८ च्या कराराने आप्पासाहेब गादीवर राहिले, पण नर्मदेच्या उत्तरेचा मुलूख आणि सीताबर्डीच्या टेकड्या गेल्या. मार्चमध्ये, पुन्हा कट केल्याच्या आरोपावरून इंग्रजांनी त्यांना पकडले आणि अलाहाबादकडे रवाना केले. मे महिन्यात जबलपूरजवळच्या मुक्कामातून रात्री शिपायाच्या वेशात ते निसटले. इथून पुढचे आप्पासाहेब निराळेच आहेत. पचमढीकडच्या महादेव डोंगरात त्यांना गोंडांनी आसरा दिला. हर्राईचा गोंड जमीनदार चैनशाह त्यांच्या पाठीशी उभा राहिला. जुलै १८१८ मध्ये बैतूलजवळ इंग्रजांच्या कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापली गेली. बक्षीस लावूनही गोंडांनी आप्पासाहेबांना धरून दिले नाही. राजवाड्यात जी निष्ठा त्यांना मिळाली नव्हती ती डोंगरात मिळाली, आणि नागपूरच्या मुलांना गोंडांचे हे ऋण माहीत असलेच पाहिजे. हे शहर वसवले तेही गोंड राजा बख्त बुलंद शाहने. पुढे असीरगड, मग रणजितसिंहांचे पंजाब, आणि शेवटी जोधपूर असा आप्पासाहेबांचा प्रवास झाला. १८४० मध्ये ते तिथेच वारले. नागपूर त्यांना पुन्हा दिसले नाही.

राज्याचा शेवट आणि नंतर. इंग्रजांनी दुसऱ्या रघूजींच्या लहान नातवाला, तिसरा रघूजी म्हणून, गादीवर बसवले आणि कारभार जेंकिन्सने पाहिला. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरा रघूजी पुत्राविना वारला. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये राज्य खालसा केले; राजघराण्याचे दागदागिने लिलावात गेले.

१३ जून १८५७ च्या रात्री टाकळीच्या छावणीतल्या घोडदळाने उठावाचा बेत केला होता. शहरातून आकाशात अग्निफुगे सोडून इशारा करायचे ठरले होते. पायदळ सामील झाले नाही, बेत फसला आणि काहींना फाशी झाली. दुसऱ्या रघूजींच्या पत्नी बांकाबाई यांनी तेव्हा आपले वजन इंग्रजांच्या बाजूने टाकले. लोकांनी हे विसरायचे नाकारले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बांकाबाई, असे परंपरेने सांगितले जाते. लाकडी बैल सजवणारी मुले त्याच दिवशी ‘घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी ठोकतात. मारबतीमागचे नाव त्यांना जरूर सांगावे, आणि त्याबरोबर हेही सांगावे की राज्य खालसा झाल्यावर त्याविरुद्ध दाद मागणाऱ्यांतही राजघराण्यातल्या याच स्त्रिया होत्या.

टेकडीच्या परिसरात पुढेही इतिहास घडला. मे १९२३ मध्ये झेंडा सत्याग्रहाचे स्वयंसेवक तिरंगा घेऊन बंदी असलेल्या सिव्हिल लाईन्सकडे निघाले. जमनालाल बजाज यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी नेतृत्व केले आणि ऑगस्टमध्ये बंदी हटली.

आज काय पाहावे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशी तो सर्वांसाठी उघडतात. रांग मोठी असते, म्हणून मुलांना सकाळी लवकर न्यावे. वर गेल्यावर आधी पूर्वेला शुक्रवारी तलाव आणि त्यामागचा महाल शोधावा, म्हणजे फौज कुठून आली ते कळते. मग पश्चिमेला वळून रेसिडेन्सीची बाजू पाहावी. खाली उतरल्यावर दुसरा फेरा गांधी गेटचा आणि जमल्यास तिसरा सक्करदऱ्याचा करावा. हा सारा टापू एका दिवसात पाहून होतो.