बुद्धिबळ: पोराला स्पर्धेत उतरवायचंय की स्वतः शाळेत शिकवायचंय? अर्ज, वयाची अट आणि कागदपत्रं

नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 च्या जुलैत बाटुमीला महिला वर्ल्ड कप जिंकला आणि थेट ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच की मुलाला चेस खेळायला टाकायचंय, नाव कुठे नोंदवायचं, काय काय लागतं. दर वेळी तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. आणि ज्यांना स्वतःला शाळेत जाऊन शिकवायचंय त्यांच्यासाठी पण खाली लिहिलंय, कारण त्याबद्दल कुणी विचारतच नाही आणि खरी कमतरता तिथेच आहे.

सगळ्यात आधी एक डोक्यात फिट करा. मुलांच्या स्पर्धांचे दोन वेगळे रस्ते आहेत. एक फेडरेशनचा, म्हणजे जिल्हा संघटना, मग महाराष्ट्र चेस असोसिएशन, मग ऑल इंडिया चेस फेडरेशन (एआयसीएफ), आणि सगळ्यात वर फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ. दुसरा शाळेचा, म्हणजे क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय क्रीडा स्पर्धा, ज्यात तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या आणि मग एसजीएफआयची (स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडिया) नॅशनल. दोन्हीकडचे अर्ज वेगळे, फी वेगळी, वयाची तारीख पण वेगळी. लोक हे एकात एक कालवतात आणि मग "मागच्या महिन्यात तर चाललं होतं" म्हणत आर्बिटरशी (पंचांशी) वाद घालत बसतात.

वयाचा हिशोब

फेडरेशनकडे गट विषम आकड्यांचे आहेत, अंडर 7, 9, 11, 13, 15, 17, 19. हिशोब सोपा आहे, स्पर्धेच्या वर्षातून गटाचं वय वजा करा, जे वर्ष येईल त्याच्या 1 जानेवारीला किंवा नंतर जन्म हवा. 2026 ला अंडर 9 खेळायचं तर जन्म 1 जानेवारी 2017 किंवा त्यानंतरचा, अंडर 11 ला 2015, अंडर 13 ला 2013. जागतिक युवा स्पर्धांत मात्र गट सम आकड्यांचे, 8, 10, 12 असे, त्यामुळे "वर्ल्डला अंडर 10 आहे मग इथे का नाही" हा प्रश्न कृपया विचारू नका.

शाळेच्या स्पर्धांत गट तीनच, 14, 17 आणि 19 वर्षाखालील, आणि वय बघतात 31 डिसेंबरला. म्हणजे 2026-27 च्या हंगामात 14 खालील गटासाठी जन्म 1 जानेवारी 2013 किंवा नंतरचा. आता नोव्हेंबर 2012 चा मुलगा धरा. तो 2026 मध्ये फेडरेशनकडे अंडर 15 मध्ये बसतो, पण शाळेच्या स्पर्धेत 14 मधून बाहेर गेला, त्याला 17 खालील गटात अकरावीतल्या दाढी फुटलेल्या पोरांसमोर बसावं लागणार. हे आधी माहीत असलं की निदान धक्का बसत नाही. तरी दरवर्षीचं परिपत्रक येतं त्यात तारीख एकदा बघून घ्याच.

लहान वयाचं मूल वरच्या गटात खेळू शकतं, उलटं चालत नाही. आणि मुलींनी मुलींच्याच गटात खेळलं पाहिजे असं नाही, दुसरा गट "ओपन" असतो, त्यात मुलगी खेळू शकते. मुलगी बऱ्यापैकी खेळत असेल तर अधूनमधून ओपनमध्ये टाका असं माझं स्पष्ट मत आहे.

जन्मदाखला, इथेच गाडी अडते

बाकी सगळे कागद एका दिवसात जमतात, हा एक सोडून. दाखला हातात घ्या आणि दोन गोष्टी बघा. एक, त्यावर बाळाचं नाव आहे का. हॉस्पिटलने कळवलेली नोंद असते, त्यावेळी बारसं झालेलं नसतं, त्यामुळे खूप दाखल्यांवर नावाची जागा कोरी असते आणि पोरगं आठ वर्षांचं होईपर्यंत कुणाचं लक्षच जात नाही. नाव नंतर घालता येतं, जन्माची नोंद झाल्यापासून पंधरा वर्षांपर्यंत, महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात अर्ज करून. दोन, "नोंदणी दिनांक" हा रकाना. जन्मतारखेशेजारी किंवा खाली असतो. नियमाने नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, एका वर्षानंतर केलेल्या नोंदीला तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. वयोगटाच्या स्पर्धांत उशिराच्या नोंदीकडे संशयाने बघतात, कारण वय चोरायचा तो जुनाच मार्ग आहे. तुमची नोंद खरोखरच उशिरा झाली असेल तर तो आदेश, शाळेचा उतारा, लसीकरणाचं कार्ड, जे आहे ते जोडून ठेवा आणि फॉर्म भरायच्या आधीच संघटनेला विचारा, स्पर्धेच्या टेबलावर नको.

तिसरं म्हणजे स्पेलिंग. आधार, जन्मदाखला आणि नोंदणी, तिन्हीकडे नाव एकाच क्रमाने आणि एकाच स्पेलिंगने असू द्या. आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे शेवटी एक जादा ए. एकदा का फिडेच्या यादीत चुकीचं नाव चढलं की ते दुरुस्त करायला जिल्हा संघटनेपासून एआयसीएफपर्यंत मेलामेली करावी लागते.

फेडरेशनची नोंदणी आणि निवड

एआयसीएफच्या साइटवर प्लेअर रजिस्ट्रेशन ऑनलाइनच होतं. पासपोर्ट साइज फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, पालकाचा मोबाइल आणि ईमेल हे हाताशी ठेवा, स्कॅन स्वच्छ असू दे, मोबाइलवर तिरका काढलेला सावलीवाला फोटो रिजेक्ट होतो. फी असेल तर ती ऑनलाइन भरायची. राज्य निवडताना नीट बघा, कारण नंतर राज्य बदलायचं तर ते वेगळं प्रकरण आहे. गोव्यात राहणाऱ्यांनी गोवा निवडायचं, आजोळ कोल्हापूरला आहे म्हणून महाराष्ट्र नाही. नोंदणी मंजूर झाली की एआयसीएफचा आयडी मिळतो आणि रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा फिडेचा आकडा) मिळणाऱ्या स्पर्धा खेळायच्या तर फिडे आयडी पण लागतो. नोंदणीला मुदत असते, संपली की रिन्यू करावी लागते, आणि लोकांना हे आठवतं एंट्रीच्या शेवटच्या दिवशी रात्री. काही जिल्हा संघटनांची स्वतःची नोंदणी वेगळी असते, ती पण विचारून घ्या.

पुढचा प्रवास असा, जिल्ह्याची निवड स्पर्धा, मग राज्य निवड, मग नॅशनल. काही वेळा राज्य स्पर्धेत थेट एंट्री पण घेतात, ते त्या त्या माहितीपत्रकावर असतं. राज्यात वरचे ठरावीक खेळाडू राज्याच्या टीममधून नॅशनलला जातात. ज्यांची निवड झाली नाही त्यांना जास्त फी भरून स्पेशल एंट्रीने जाता येतं, तो अर्ज पण राज्य संघटनेमार्फतच. माझ्या मते राज्यात निम्म्यात पण न आलेल्या सात वर्षांच्या मुलाला विमानाने नॅशनलला नेण्यात काही अर्थ नाही, त्या पैशात वर्षभर जवळपासच्या स्पर्धा होतील. पण ज्याचा त्याचा खिसा.

एंट्री भरली की चेस-रिझल्ट्स साइटवर स्पर्धेचं नाव शोधून यादीत आपलं नाव, जन्मवर्ष, आयडी बरोबर आहे का ते बघा. पेअरिंग, म्हणजे कोण कुणाशी खेळणार, ते पण तिथेच लागतात.

रेटिंगबद्दल पालकांचा जीव फार खालीवर होतो म्हणून थोडं. मार्च 2024 पासून फिडेचं रेटिंग 1400 च्या खाली नसतंच. पहिलं रेटिंग मिळायला रेटिंगवाल्या खेळाडूंशी पाच डाव व्हावे लागतात, ते एकाच स्पर्धेत झाले पाहिजेत असं नाही, 26 महिन्यांत मिळून चालतात. आणि 18 वर्षांखालच्या मुलांना 2300 च्या खाली के फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) 40 असतो, म्हणजे बरोबरीच्या खेळाडूशी एक डाव हरला की सरळ वीस पॉइंट गेले. जिंकला की वीस आले. त्यामुळे एका स्पर्धेत सत्तर-ऐंशी पॉइंट उडाले तर क्लास बदलायची गरज नाही.

पहिल्या स्पर्धेला पाठवण्याआधी घरी तीन गोष्टी करून घ्या, डाव लिहायला शिकवा, घड्याळ दाबायची सवय लावा, आणि हात लावला तो मोहरा हलवायचाच हे पक्कं करा. प्रत्येक खेळीमागे तीस सेकंद वाढीव मिळणाऱ्या डावात शेवटपर्यंत लिहावंच लागतं. दुसऱ्यांदा बेकायदा खेळी झाली की डाव गेला. मुलाच्या खिशात मोबाइल सापडला तरी गेला, बंद असला तरी, त्यामुळे "मम्मीला फोन करायला" म्हणून देऊ नका.

शाळेच्या स्पर्धा

इथे पालक अर्ज करत नाही, शाळा करते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या ऑनलाइन प्रणालीवर शाळेची नोंदणी, मग खेळाडूंची नावं, मग मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा फॉर्म. शाळेतून ठरावीकच मुलं पाठवता येतात, त्यामुळे जास्त इच्छुक असतील तर शाळेनेच आतली स्पर्धा घ्यायची. जन्मदाखला, आधार, फोटो लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी इयत्ता पहिलीच्या प्रवेशाचा जनरल रजिस्टरचा उतारा मागतात. शाळा बदललेली असेल तर हा उतारा जुन्या शाळेतून आणावा लागतो, तो जूनमध्येच आणून ठेवा, कारण पावसाळ्यात स्पर्धा सुरू झाल्या की जुन्या शाळेतले क्लार्क नेमके रजेवर असतात. जिल्ह्यातून साधारण पहिले पाच विभागाला जातात. दहावी-बारावीच्या ग्रेस मार्कांसाठी ही प्रमाणपत्रं उपयोगी पडत असल्याने मोठ्या मुलांनी हा रस्ता सोडू नये.

खरी अडचण अशी की कितीतरी शाळा चेसची एंट्रीच करत नाहीत. क्रीडा शिक्षक कबड्डी-खोखोत अडकलेले, आणि चेसचं बघणारं कुणी नाही. आता इथून मोठ्यांचा विषय.

शाळेत शिकवायचं असेल तर

पहिला गैरसमज, की आपण चांगलं खेळत नाही म्हणून शिकवू शकत नाही. फिडेचे दोन वेगळे विभाग आहेत. एक ट्रेनर्स कमिशन, त्यात सिनिअर ट्रेनर, ट्रेनर, फिडे इन्स्ट्रक्टर, नॅशनल इन्स्ट्रक्टर आणि डेव्हलपमेंटल इन्स्ट्रक्टर अशी उतरंड, ही खेळाडू घडवणाऱ्यांसाठी. वरच्या टायटलना रेटिंगची अट आहे, सगळ्यात खालचं डेव्हलपमेंटल इन्स्ट्रक्टर हे नवशिक्यांना शिकवणाऱ्यांसाठी. सेमिनार करायचा, परीक्षा द्यायची, टायटलची फी वेगळी भरायची.

दुसरा विभाग चेस इन एज्युकेशनचा. त्यांचा "प्रिपरेशन ऑफ टीचर्स" नावाचा कोर्स आहे, ऑनलाइन होतो, आणि त्यातून स्कूल इन्स्ट्रक्टर या टायटलकडे जाता येतं. हा मुळात शिक्षकांसाठी आहे. वर्गातल्या सगळ्या मुलांना चेसच्या निमित्ताने विचार करायला कसं लावायचं यावर भर, त्यात ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्यांची) घोकंपट्टी नाही. आर्मेनियाने 2011 पासून दुसरी ते चौथीला चेस सक्तीचा विषय केला तो पण याच विचाराने, प्रत्येक पोरगं चॅम्पियन होईल म्हणून नाही. शाळेत शिकवायचं असेल तर मी डोळे झाकून हा दुसरा रस्ता सांगेन. 2100 रेटिंगवाला तिसरीच्या चाळीस मुलांसमोर दहा मिनिटांत घामाघूम झालेला मी बघितलाय, आणि नियमापुरतं खेळणाऱ्या बालवाडीच्या बाईंनी तोच वर्ग तासभर गप्प बसवलाय. त्यांनी पहिल्या दिवशी पटावर फक्त प्यादी ठेवली, आठ विरुद्ध आठ, ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. राजा नाही, शह-मात नाही. पुढच्या आठवड्यात हत्ती आले, मग उंट. घोडा सगळ्यात शेवटी, कारण एकदा अडीच घरं सांगितली की पोरं पटभर घोडेच नाचवतात.

अर्जाला फोटो, ओळखपत्र, शिक्षणाचा दाखला, फिडे आयडी असला तर तो, आणि शाळेत शिकवत असाल तर शाळेचं पत्र, एवढं तयार ठेवा. कोर्स बऱ्याचदा इंग्रजीत असतो, पण शिकवायचंय तुम्हाला मराठीतच, त्यामुळे भाषेला घाबरू नका.

सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे शाळेचं गेट उघडलं असं नाही. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, त्यात कुठली इयत्ता, आठवड्यातून किती तास, मानधन घेणार की नाही, पट कोण आणणार हे स्पष्ट लिहा. झेडपीची किंवा महापालिकेची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय न्या. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे ओळखीचा एखादा पालक सदस्य पकडा, ठराव लवकर होतो. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा, महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज होतो, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो लागतो आणि मग पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं. बाहेरच्या माणसाला वर्गात घेताना शाळा हे आता मागतात आणि मागायलाच पाहिजे. तास चालू असताना शाळेची एक शिक्षिका वर्गात बसेल ही अट तुम्ही स्वतःच अर्जात टाका, तुमच्याही सोयीचं आहे.

सामान म्हणाल तर दोन मुलांमागे एक रोल होणारा पट आणि भिंतीवर टांगायचा मोठा डेमो बोर्ड पुरतो, घड्याळं पहिल्या वर्षी घेऊ नका. वेळ साधायची तर शाळा सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यातच अर्ज द्या, म्हणजे वेळापत्रक बनतानाच तास मिळतो आणि पावसाळ्यातल्या तालुका स्पर्धेला त्याच वर्गातली मुलं पाठवता येतात. फॉर्मवर "मार्गदर्शक शिक्षक" असा रकाना असला तर तिथे नाव क्रीडा शिक्षकांचंच टाका, तुमचं नको. पुढच्या वर्षी पट ठेवायला कपाट त्यांच्याकडूनच मिळणार आहे.