माफिया सिटी

‘माफिया सिटी’ हा योट्टागेम्स या चिनी कंपनीने २०१७ मध्ये आणलेला मोबाइल गेम. विषय गुन्हेगारी टोळ्यांचा असला तरी खेळ तळ उभारण्याचा आणि इतर खेळाडूंशी लढण्याचा आहे. तो फुकट डाउनलोड होतो. कंपनीची कमाई गेममधल्या खरेदीवर चालते. त्याला जगभर ओळख मिळाली ती मात्र जाहिरातींमुळे, आणि त्या जाहिरातींत दिसणारा गेम प्रत्यक्षात नाहीच.

खेळाडू एका टोळीचा म्होरक्या असतो. तळाच्या केंद्रस्थानी मॅन्शन, म्हणजे म्होरक्याची हवेली, असते. बाकीच्या इमारती मॅन्शनच्या लेव्हलपलीकडे वाढत नाहीत, आणि मॅन्शन वाढवायचे तर काही ठरावीक इमारती आधी वर न्याव्या लागतात. सुरुवातीची बांधकामे काही सेकंदांत किंवा मिनिटांत होतात. पुढे एकेका बांधकामाला कित्येक दिवस लागतात. ही वाट पाहणे टाळण्यासाठी ‘स्पीडअप’ वापरायचे. ते थोडे फुकट मिळतात, बरेच पैसे मोजून घ्यावे लागतात. खेळाची सगळी अर्थव्यवस्था या प्रतीक्षेवर उभी आहे.

नवखा खेळाडू मार खातो तो बहुतेक वेळा दोन-तीन ठरावीक चुकांमुळे. बक्षीस मिळालेली सामग्रीची पाकिटे तो लगेच फोडतो. पाकिटात असेपर्यंत ती सामग्री कुणी लुटू शकत नाही. फोडून साठ्यात गेली की गोदामाच्या संरक्षित मर्यादेवरचा भाग हल्लेखोराच्या हाती लागतो. म्हणून बांधकामाला लागेल तेवढेच फोडावे. दुसरी चूक शील्डची, म्हणजे ठरावीक वेळ तळावरचे हल्ले रोखणाऱ्या ढालीची: शील्ड चालू असताना स्वतः दुसऱ्या खेळाडूवर हल्ला केला की ती तुटते आणि तळ उघडा पडतो. शिवाय रुग्णालयाची क्षमता वाढवली नाही, तर मोठ्या हल्ल्यात जखमींना जागा उरत नाही आणि उरलेले गडी कायमचे जातात. एकट्याने टिकणे अवघडच; सक्रिय क्लॅन, म्हणजे खेळाडूंचा गट, गाठला की मदतीच्या बटणाने बांधकामाचा वेळ घटतो आणि हल्ल्याच्या वेळी कुमक मिळते.

जाहिरातींत यातले जवळजवळ काहीच नसते. तिथे संगणकावर बनवलेली त्रिमित पात्रे असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पदवी तरंगते: ‘लेव्हल १ क्रूक’ (क्रूक म्हणजे भुरटा गुन्हेगार), ‘लेव्हल ३५ बॉस’, कधी ‘लेव्हल १०० बॉस’. फाटक्या कपड्यांतला क्रूक अपमान गिळतो, एखादी चोरी किंवा खून करतो, आकडा झपाट्याने चढतो, गाडी-बंगला येतो आणि निवेदक म्हणतो, ‘दॅट्स हाउ माफिया वर्क्स’, म्हणजे ‘माफिया असेच चालते’. कथेला ताळतंत्र नसते. २०१८ च्या सुमारास इंटरनेटवर या वाक्याचे आणि पदव्यांचे मीम पसरले. ज्यांनी गेम कधी उघडला नाही, त्यांनाही ते वाक्य पाठ झाले.

आक्षेप मुख्यतः दोन होते. पहिला फसवणुकीचा: मोकळ्या शहरात भटकत गुन्हे करण्याचा जो ॲक्शन गेम दाखवला जातो, त्याच्या जागी हातात येतो तो नकाशा, टायमर आणि इमारती. दुसरा, आणि माझ्या मते अधिक गंभीर, आशयाचा: यांतल्या अनेक जाहिरातींत स्त्री ही बढतीबरोबर मिळणारी वस्तू असते, हिंसा हा वर चढण्याचा सोपा जिना असतो, आणि हे दृश्य मुले खेळत असलेल्या दुसऱ्या साध्या गेमच्या मध्येही येऊन आदळू शकते.

अशा जाहिराती बनतात यामागे हिशेब आहे. मोबाइल गेमच्या प्रचारात एकाच वेळी अनेक छोटे व्हिडिओ सोडतात, कोणत्यावर क्लिक जास्त आणि प्रत्येक इन्स्टॉलमागे खर्च कमी ते मोजतात, बाकीचे काढून टाकतात. या मोजणीत खरेपणाला गुण नाहीत. लक्ष खेचणारा विचित्र व्हिडिओ टिकतो. भ्रमनिरास झालेले बहुसंख्य लोक गेम काढून टाकतात, पण उरलेल्यांतले मोजके भरपूर पैसे मोजणारे खेळाडू जाहिरातींचा खर्च भरून काढतात.

ही पद्धत एका गेमपुरती नाही. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या ब्रिटनच्या ‘ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स ऑथॉरिटी’ने २०२० मध्ये प्लेरिक्स या कंपनीच्या ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’ या मोबाइल गेमच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. सगळी दृश्ये प्रत्यक्ष खेळातली नाहीत, अशी तळटीप त्यांत होती; ती पुरेशी मानली गेली नाही.

डाउनलोडआधी खात्री करायची असेल तर स्टोअरवरचा प्रचाराचा व्हिडिओ सोडून कमी गुणांचे अभिप्राय वाचावेत आणि खेळाडूंनी स्वतः रेकॉर्ड केलेला खेळ पाहावा. मुलांच्या फोनवर गेममधल्या प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावून ठेवावा.