लर्चर: दर वेळी नव्याने मांडावा लागणारा संकर

चार्ल्स डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या 'ऑरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात उपजत प्रवृत्तींवर एक प्रकरण आहे आणि त्यात त्याने जाता जाता अशी नोंद केली आहे की, ग्रेहाउंडशी झालेल्या संकरामुळे मेंढपाळी कुत्र्यांच्या एका अख्ख्या घराण्यात सशांमागे धावण्याची ओढ उतरली. शरीराच्या ठेवणीप्रमाणे स्वभावही वारशाने येतो आणि संकरात मिसळतो, हे दाखवण्यासाठी त्याला हे उदाहरण हवे होते. इंग्लंडच्या खेड्यांतील शेतमजुरांना आणि चोरून शिकार करणाऱ्यांना मात्र हा सिद्धान्त सांगण्याची गरज नव्हती; कॉली आणि ग्रेहाउंड यांचा संकर करून ते पिढ्यान्‌पिढ्या आपल्या चुलीवरच्या भांड्याची सोय करत आले होते. अशा कुत्र्याला तिकडे 'लर्चर' म्हणतात. लर्चर ही कुत्र्याची जात नव्हे. ती एक कृती आहे, आणि ती दर वेळी पहिल्यापासून करावी लागते.

आधी सशाबद्दल थोडे स्पष्ट केले पाहिजे, कारण मराठीत आपण ज्याला सरसकट ससा म्हणतो त्यात इंग्रजांचे दोन वेगळे प्राणी येतात. आपल्या माळरानावरचा रानससा जमिनीवरच उथळ खळग्यात बसतो, त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात, आणि संकट आले की तो मोकळ्या रानात लांबचा पल्ला धावून जीव वाचवतो. दुसरा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. नॉर्मन लोकांनी तो बाराव्या शतकाच्या सुमारास मांस आणि कातडी यांसाठी ब्रिटनमध्ये आणून कुंपणांच्या आत पाळला, आणि पुढे तो सुटून शेतांचा शत्रू झाला. हा बिळे खणून वसाहतीने राहतो, त्याची पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात, आणि त्याचा सारा बचाव बिळाच्या तोंडापर्यंत वेळेत पोहोचण्यावर अवलंबून असतो. लर्चरचे काम मुख्यतः या दुसऱ्या सशाशी असते. म्हणजेच त्याला मिळणारा अवधी अनेकदा काही सेकंदांचाच असतो.

अशा कामाला जगातला सर्वांत वेगवान कुत्रा पुरेसा का पडू नये, असा प्रश्न साहजिक आहे. ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातो. त्याचे हृदय शरीराच्या मानाने मोठे असते, रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असते, आणि पूर्ण दौडीत प्रत्येक टप्प्याला दोनदा त्याचे चारही पाय जमीन सोडतात. पण ससा सरळ धावत नाही. वळणावर शरीराला आत खेचणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवावे लागते, म्हणून पायांची बाजूची पकड सारखीच धरली तर सेकंदाला १७ मीटर वेगाने येणाऱ्या कुत्र्याला, सेकंदाला १० मीटर वेगाने पळणाऱ्या सशापेक्षा जवळजवळ तिप्पट त्रिज्येचे वळण घ्यावे लागेल. ससा कमी वेगाचा असूनही ऐन क्षणी बाजूला वळून निसटतो तो या गणिताच्या जोरावर. ग्रेहाउंडचे पाय मुळीच दुबळे नाहीत. २००५ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की धावपट्टीच्या वळणावर पायांवरचा भार सुमारे ६५ टक्क्यांनी वाढला तरी तो वेग कमी करत नाही. धावपट्टीवर हा गुण सोन्यासारखा आहे. कुंपण, खड्डे आणि काटेरी झुडपे असलेल्या शेतात मात्र वेग न सोडणारा, पातळ कातडीचा कुत्रा आठवड्यातून दोनदा टाके घालून घेतो.

कॉली येथे उपयोगी पडतो. 'कॉली' म्हणजे येथे प्रदर्शनातला लांबनाक्या, झुपकेदार प्राणी नव्हे, तर इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमाभागातील मेंढ्या वळणारा बॉर्डर कॉली. हिंस्र प्राण्याच्या शिकारीत टप्पे असतात: सावज हेरणे, त्याच्यावर नजर रोखणे, दबकत जवळ जाणे, पाठलाग करणे, पकडणे, मारणे. मेंढपाळांनी शतकानुशतके निवड करून कॉलीमध्ये नजर, दबकणे आणि पाठलाग हे टप्पे तीव्र केले आणि पकडण्या-मारण्याचे टप्पे दडपले. ग्रेहाउंडमध्ये याच्या उलट, दबकण्याला फारसे स्थान नाही आणि पाठलाग-पकड एका दमात होते. याखेरीज कॉलीकडे नाक असते, दूरवरून दिलेली शीळ ऐकून निर्णय बदलण्याची तयारी असते, आणि पुढे काय होणार याचा अंदाज बांधण्याची सवय असते. ससा कोणत्या बिळाकडे निघाला आहे हे ओळखून त्याची वाट अडवणारा कुत्रा वेगात थोडा कमी असला तरी चालतो. ग्रेहाउंडांच्या स्पर्धांमध्ये, उदाहरणार्थ लिव्हरपूलजवळ ऑल्टकारला १८३६ ते २००५ या काळात होत असलेल्या वॉटर्लू कपमध्ये, गुण वेगाला आणि रानसशाला वळायला लावण्याला मिळत. तेथे वाट अडवणारा धूर्त कुत्रा लबाड ठरत असे. लर्चरवाल्याला तीच लबाडी हवी असते.

प्रत्यक्ष काम बहुतेक वेळा रात्रीचे असते. अंधारी, वारा सुटलेली रात्र निवडायची, चरायला बाहेर पडलेल्या सशावर दिव्याचा झोत टाकायचा आणि त्या झोताच्या रेषेत कुत्रा सोडायचा, याला 'लॅम्पिंग' म्हणतात. कुत्र्याने भुंकता कामा नये, ससा निसटला तर काळोखात भटकत न बसता परत आले पाहिजे, आणि मिळाला तर तो न चुरगाळता मालकाच्या हातात दिला पाहिजे. एका रात्रीत अशा वीस-पंचवीस धावा होऊ शकतात, तर धावपट्टीवरचा ग्रेहाउंड अर्ध्या मिनिटाची एक शर्यत धावून मोकळा होतो. दिवसा फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी बिळात सोडून ससे जाळ्यात काढतात. तेव्हा कोणते बीळ रिकामे नाही हे वासावरून सांगणे हे कुत्र्याचे काम. आणि या सगळ्यात त्याने आजूबाजूच्या मेंढ्यांकडे ढुंकूनही पाहायचे नसते, हे ज्याचा बाप मेंढ्या वळतो त्या कुत्र्याला लहानपणीच कसून शिकवावे लागते.

संकर करताना प्रथा अशी की बाप कॉली आणि आई ग्रेहाउंड. ग्रेहाउंड मादी अंगाने मोठी, त्यामुळे प्रसूती सुलभ होते. शिवाय शर्यतीतून निवृत्त झालेली मादी सहज मिळते. पहिल्या पिढीतील प्रत्येक पिल्लाला प्रत्येक गुणसूत्र-जोडीतील एक गुणसूत्र कॉलीचे आणि एक ग्रेहाउंडचे मिळते, म्हणून एका वेतातील पिल्ले बरीचशी एकसारखी निघतात: मध्यम उंचीची, बापापेक्षा लांब पायांची, आईपेक्षा जाड कातडीची आणि घट्ट पंजांची. दोन्ही बाजूंचे दोष वेगवेगळ्या जनुकांत असतील तर ते या पिढीत झाकले जातात, आणि यालाच आपण संकरित जोम म्हणतो. स्वभावाचे मात्र सरळ मिश्रण होत नाही. काही पिल्ले सशापुढे जाऊन थबकतात आणि त्याच्यावर नजर रोखून बसतात, जणू तो चुकार मेंढीच आहे.

खरी गंमत, किंवा खरा घोळ, दुसऱ्या पिढीत होतो. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको, कारण १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आल्यापासून घरचे संकरित बियाणे पुढच्या वर्षी पेरू नये हे त्याला अनुभवाने कळले आहे. दोन पहिल्या संकरांची जोडी लावली की ३९ गुणसूत्र-जोड्यांचे पत्ते नव्याने पिसले जातात, आणि एकाच वेतात कॉलीचे अंग व ग्रेहाउंडची एकमार्गी वृत्ती, किंवा नेमके उलटे, अशी पिल्ले शेजारी शेजारी दूध पिताना दिसतात. केसांत हे सर्वांत सहज ओळखता येते. आखूड केसांचे जनुक प्रभावी असल्यामुळे बॉर्डर कॉलीपासून झालेली पहिली पिढी आखूड केसांची निघते, पण लांब केस लपून राहतात आणि पुढच्या पिढीत सरासरीने चौथ्या पिल्लाच्या अंगावर परततात. दाढीवाल्या बिअर्डेड कॉलीची गोष्ट वेगळी. तोंडावरच्या राठ केसांचे जनुक प्रभावी असते, म्हणून त्याच्या पहिल्याच पिढीला काटेरी झुडपांत उपयोगी पडणारा राठ कोट मिळतो.

म्हणूनच जुने लोक संकर संकराला न देता पुन्हा ग्रेहाउंडला देतात. त्यातून तीन भाग ग्रेहाउंड आणि एक भाग कॉली असा अधिक वेगाचा कुत्रा निघतो, आणि अनेकांच्या मते तोच सर्वांत उत्तम. पण 'एक भाग' ही सरासरी आहे. संकरित पालकाकडून कोणती गुणसूत्रे कोणत्या पिल्लाला गेली यावर प्रत्यक्ष वाटा ठरतो, त्यामुळे भावंडांतही कोणाकडे कॉली जास्त आणि कोणाकडे कमी असतो. विक्रेता जेव्हा हा अपूर्णांक छातीठोकपणे सांगतो तेव्हा तो वंशावळ सांगत असतो, जनुके नव्हेत.

स्वभावाचा वारसा किती भरवशाचा, याबद्दल अलीकडचे संशोधन थोडी थंड हवा घालते. २०२२ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या, १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून केलेल्या अभ्यासात, एखाद्या कुत्र्याच्या वागण्यातील फरकांपैकी जातीने स्पष्ट होणारा भाग सुमारे ९ टक्के निघाला. मात्र माणसाचे ऐकण्याची तयारी हा गुण जातीजातींत सर्वाधिक फरक दाखवणाऱ्यांपैकी होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात मेंढपाळी कुत्र्यांच्या वंशात मेंदूतील चेतातंतूंची वाढ कोठे वळावी हे ठरवणाऱ्या जनुकांजवळ वेगळेपण आढळले. माझ्या मते लर्चरवाल्यांचा अनुभव या दोन्हींशी जुळतो: ते कॉलीकडून ऐकण्याची वृत्ती घेतात, आणि तरीही जातीवर विसंबून न राहता पालक कुत्री कामावर कशी आहेत हे पाहूनच पिल्लू निवडतात.

या कुत्र्याचे नशीब सशाशी बांधलेले आहे. १९५३ साली केंट परगण्यात मिक्सोमाटोसिस हा विषाणुजन्य रोग आला आणि दोन-तीन वर्षांत ब्रिटनमधील ९० टक्क्यांहून अधिक ससे मेले. पुढे सशांत प्रतिकारशक्ती आली, रोगही सौम्य झाला आणि लर्चरलाही पुन्हा काम मिळाले. २००४ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांनी रानसशाचा पाठलाग करणे बेकायदा झाले, परंतु बिळातल्या सशाला, जमीनमालकाची परवानगी असेल तर, सूट राहिली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानसशालाही संरक्षण आहे. त्यामुळे कारवानी किंवा मुधोळ कुत्रा हाताशी असला तरी हा प्रयोग येथे करण्याची सोय नाही.

संकर किती दूरवर आपली खूण सोडतो हे औषधाच्या बाटलीतून कळते. कॉली वंशातील काही कुत्र्यांत एमडीआर-१ या जनुकातील चार अक्षरे गळालेली असतात, आणि त्यामुळे मेंदूत शिरलेली औषधे बाहेर फेकणारा प्रथिनाचा पंप काम करत नाही. अशा कुत्र्याला आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध मोठ्या मात्रेत दिले तर ते जीवघेणे ठरू शकते. २००४ साली याच दोषाचा माग काढताना तो लांब केसांच्या व्हिपेटमध्येही सापडला. हा कुत्रा दिसायला ग्रेहाउंडची छोटी आवृत्ती. पण दोषाच्या आसपासचा जनुकांचा पट्टा कॉलीमधल्यासारखाच होता, म्हणजे दोघांनाही तो एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमधल्या एकाच पूर्वजाकडून आला होता. बॉर्डर कॉलीत हा दोष विरळ असतो, तर मोठ्या केसाळ कॉलीत फार आढळतो, म्हणून लर्चरच्या आजोबाचे नुसते 'कॉली' हे नाव पुरत नाही. त्यात भर म्हणजे ग्रेहाउंडचे यकृत भूल देण्याची काही औषधे सावकाश फोडते आणि तो शुद्धीवर उशिरा येतो. काटेरी तारेने फाटलेली मांडी शिवण्यासाठी टेबलावर आणलेल्या लर्चरमध्ये यांपैकी एक, दोन्ही किंवा एकही वारसा नसेल, आणि त्याच्याकडे नुसते पाहून ते सांगता येत नाही. एमडीआर-१ पुरते तरी उत्तर गालाच्या आतून घेतलेल्या कापसाच्या बोळ्यावरून प्रयोगशाळेत मिळते; भुलीच्या बाबतीत जाणता पशुवैद्य त्या कुत्र्याला ग्रेहाउंडच समजून औषध निवडतो.